सर्टिफिकेटची मुदत वाढली म्हणे, पण तुमची वाढली का? ॲम्ब्युलन्सवरच्या नव्या ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) आणि त्यांच्या वरच्या लेव्हलच्या पॅरामेडिकसाठी

साथ आली, पूर आला, भूकंप झाला की दोनचार दिवसांत ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, "सगळ्यांची सर्टिफिकेटं ऑटोमॅटिक वाढवलीत, टेन्शन घेऊ नका". नवीन पोरं तो वाचतात आणि फोन खिशात टाकून विसरून जातात. मी पण हेच केलेलं. बीएलएसचं, म्हणजे छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवायच्या मूळ कोर्सचं कार्ड संपत आलं होतं, कुणीतरी मुदतवाढीचा स्क्रीनशॉट टाकला, मी निवांत. तीन आठवड्यांनी सकाळी ड्युटीवर गेलो तर सुपरवायझर म्हणाला की ही मुदतवाढ कार्ड देणाऱ्या संस्थेने दिलीय, आपल्याकडे ती धरत नाहीत, तू आज गाडीवर बसू नको. बाहेर कॉलवर कॉल येतायत, माणसं कमी, आणि मी स्टोअरमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर मोजतोय.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. यात एक शब्द जरा जपून वापरणार आहे, कारण आपल्या धंद्यात इमर्जन्सी म्हणजे पेशंटची इमर्जन्सी, आणि इथे विषय आहे सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीचा. तर पेशंटची ती इमर्जन्सी आणि सरकारची ती आपत्ती किंवा आणीबाणी, असं धरून चला.

आधी सगळे कागद टेबलावर मांडा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि इथेच बहुतेक जण फसतात, कारण "माझं सर्टिफिकेट" असं आपण एकवचनात बोलतो पण प्रत्यक्षात तुमच्याकडे चारपाच वेगळे कागद असतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असतो. एक म्हणजे काम करायची परवानगी, म्हणजे लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन, हे सरकार किंवा कौन्सिल देतं. दुसरं परीक्षा पास असल्याचं सर्टिफिकेशन, अमेरिकेत हे एनआरईएमटी, म्हणजे नॅशनल रजिस्ट्री देते आणि लायसन्स मात्र प्रत्येक राज्य आपलं आपलं देतं, तिथे नवीन गेलेल्यांचा पहिला गोंधळ हाच होतो. तिसरं कोर्सची कार्डं, बीएलएस, एसीएलएस (मोठ्यांच्या हृदयाच्या पुढच्या उपचारांचं), पीएएलएस (तेच लहान मुलांसाठी), साधारण दोन वर्षांची. गाडी चालवत असाल तर ड्रायव्हिंग लायसन्स. शिवाय मेडिकल फिटनेस, लसींची नोंद, मास्कची फिट टेस्ट (तो तोंडावर घट्ट बसतो का ते), हे सगळं कंपनीच्या फाईलमध्ये असतं आणि त्यांनाही तारखा असतात.

आता समजा एकाने मुदत वाढवली, तर बाकीच्यांची वाढते का? नाही. एकाच्या आदेशाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. भारतातलंच उदाहरण घ्या, कोविडच्या वेळी रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३० मार्च २०२० ला सांगितलं की १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेली ड्रायव्हिंग लायसन्स, आरसी, परमिट वगैरे ३० जून २०२० पर्यंत चालू समजा, मग ती तारीख पुढे ढकलत ढकलत शेवटी ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेली. म्हणजे ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्याचं लायसन्स कागदोपत्री दीड वर्षाहून जास्त चालू राहू शकत होतं, पण त्याच माणसाच्या खिशातल्या बीएलएस कार्डाला त्या आदेशाचा काडीचा उपयोग नव्हता.

तर एक कागद घ्या, प्रत्येक डॉक्युमेंटपुढे तीन गोष्टी लिहा, कोणी दिलं, कधी संपतं, आणि हे नसेल तर मला कोण अडवेल. तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. काही कागद संपले तर कायद्याने काम करता येत नाही, काही संपले तर फक्त कंपनी अडवते, आणि दोन्हीसाठी दार वेगवेगळं ठोठवायचं असतं.

मग मूळ आदेश शोधा, फॉरवर्ड नाही

ग्रुपवर आलेला स्क्रीनशॉट हा आदेश नाही. बातमीची हेडलाइन पण आदेश नाही. ज्या संस्थेने तुमचा कागद दिला तिच्याच साइटवर जाऊन पीडीएफ काढा आणि बसून वाचा, दोन पानांचं असतं, जास्त नसतं. सापडत नसेल तर त्याच संस्थेला मेल टाका आणि उत्तर येईपर्यंत मुदत वाढलेली नाही असंच धरा.

वाचताना पहिलं बघायचं ते तारखांचं खिडकीसारखं असतं ना ते. "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत संपणारी सर्टिफिकेटं". तुमचं त्या खिडकीच्या आदल्या दिवशी जरी संपलं असेल तरी तुम्ही बाहेर, मग तुम्हाला मुदतवाढ नाही, तुमचा मार्ग पुनर्स्थापनेचा, म्हणजे संपलेलं परत चालू करून घ्यायचा, त्याचा फॉर्म वेगळा, फी वेगळी. आणि बऱ्याच आदेशांत अशी अट असते की सर्टिफिकेट त्या दिवशी चालू आणि स्वच्छ पाहिजे, ज्यांच्यावर कारवाई चालू आहे, सस्पेन्शन आहे, त्यांना हे लागू नाही.

दुसरं, कुठल्या भागासाठी आहे. साथ असेल तर बहुतेक वेळा सगळ्यांना मिळतं, पण पूर किंवा वादळ असेल तर कधीकधी फक्त जाहीर झालेल्या जिल्ह्यांपुरतंच असतं, आणि तिथेही बघावं लागतं की तुम्ही तिथे राहता म्हणून चालतं की तिथे काम करता म्हणून.

तिसरं, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, मुदत संपते कधी. दोन प्रकार असतात. एक सरळ तारीख, "३० जूनपर्यंत", हे सोपं. दुसरा प्रकार म्हणजे "आपत्तीची घोषणा संपल्यानंतर इतके दिवस". हा प्रकार दिसला की सावध व्हा, कारण लगेच प्रश्न येतो, कुठली घोषणा? कोविडचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला जागतिक आणीबाणी जाहीर केली आणि ५ मे २०२३ ला संपली म्हणून सांगितलं. अमेरिकेत आरोग्य खात्याची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी वेगळी, ती ३१ जानेवारी २०२० ला जाहीर झाली आणि ११ मे २०२३ ला संपली. त्याच देशात राष्ट्राध्यक्षांची राष्ट्रीय आणीबाणी अजून वेगळी, १३ मार्च २०२० ला सुरू आणि १० एप्रिल २०२३ ला संपली. वर प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरची आपापली घोषणा. रोग एक, घोषणा ढीगभर, आणि शेवटाची तारीख कुणाची कुणाशी जुळत नाही. तुमच्या आदेशात राज्याची घोषणा लिहिली असेल आणि तुम्ही टीव्हीवर केंद्राची बातमी बघत बसलात तर एक दिवस उठाल तेव्हा सर्टिफिकेट संपून महिना झालेला असेल.

शिवाय या घोषणा एकदा केल्या की कायम राहतात असं नाही. अमेरिकेतली ती आरोग्य आणीबाणी एका वेळी ९० दिवसांची असते आणि दर वेळी रिन्यू करावी लागते, टेक्सास राज्यात गव्हर्नरची आपत्तीची घोषणा ३० दिवसांची असते, ती पण रिन्यू करावी लागते. म्हणजे तुमची मुदतवाढ ज्या खुंटीला टांगलीय ती खुंटीच दर महिन्याला नव्याने ठोकली जातेय. फोनमध्ये रिमाइंडर लावा, महिन्यातून एकदा बघायचं, घोषणा चालू आहे का, बस.

नक्की काय मिळालंय ते ओळखा

सगळ्याला आपण मुदतवाढ म्हणतो पण सवलती वेगवेगळ्या असतात आणि चुकीची समजली की पुढचं सगळं गणित चुकतं.

कधी फक्त तारीख पुढे जाते, रिन्यूअलसाठी करायचे अभ्यासाचे तास आणि अटी त्याच राहतात. म्हणजे अभ्यास माफ नाही, फक्त वेळ जास्त. एनआरईएमटीने २०२० मध्ये ३१ मार्चला संपणाऱ्यांना ३० जूनपर्यंत वेळ दिला, पण ईएमटीचे ४० तास ४०च राहिले आणि पॅरामेडिकचे ६० तास ६०च.

कधी तारीख तीच पण अट सैल होते. त्याच वेळी ऑनलाइन तास किती चालतील यावरची मर्यादा त्यांनी उठवली, कारण वर्गात बसायला वर्गच उघडे नव्हते. हे फार उपयोगाचं असतं आणि लोकांच्या लक्षातच येत नाही, सगळ्यांचा डोळा तारखेवर.

कधी फक्त लेट फी माफ होते. कधी फक्त फिंगरप्रिंट किंवा पोलीस तपासणी नंतर चालेल म्हणतात. या छोट्या सवलती, यांनी सर्टिफिकेट वाढत नाही.

आणि कधी संस्था म्हणते "आम्ही कार्ड वैध मानतो, बाकी तुमचा मालक बघेल". बीएलएस, एसीएलएसची कार्डं देणाऱ्या अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये कार्डांना आधी ६० दिवस दिले, मग काही महिन्यांच्या कार्डांसाठी ते १२० दिवसांपर्यंत नेले, पण सोबत स्पष्ट सांगितलं होतं की मानायचं की नाही हे शेवटी तुमची कंपनी आणि नियामक ठरवणार. ही ओळ मी वाचली नव्हती. सिलिंडर मोजले.

नुकतेच पास झाला असाल तर

तुमचा प्रश्न मुदतवाढीचा नाहीच, तुमचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. लेखी परीक्षा झाली आणि प्रॅक्टिकल रद्द झालं, आता काय? तर कोविडमध्ये एनआरईएमटीने प्रोव्हिजनल सर्टिफिकेशन काढलं, लेखी पास असाल तर तात्पुरतं सर्टिफिकेट, प्रॅक्टिकल नंतर द्यायचं. असं काही मिळालं तर तीन गोष्टी विचारा. एक, माझं राज्य किंवा कौन्सिल प्रोव्हिजनलवर लायसन्स देतं का, कारण सगळी देतीलच असं नाही. दोन, मला एकट्याने पेशंट बघता येईल की सोबत सीनियर लागेल. तीन, प्रॅक्टिकल कधीपर्यंत द्यायचं. आणि कागदावर, रिपोर्टवर सही करताना प्रोव्हिजनल असं लिहायला लाजू नका.

ब्रिटनमध्ये वेगळाच मार्ग काढला होता. तिथे पॅरामेडिकचं रजिस्ट्रेशन एचसीपीसी या कौन्सिलकडे असतं. कोरोनाव्हायरस ॲक्ट २०२० आला आणि त्याखाली तात्पुरतं रजिस्टर उघडलं, त्याआधीच्या तीन वर्षांत रजिस्टर सोडलेले जुने लोक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्यात घेतले. हे तात्पुरतं रजिस्टर म्हणजे पक्कं रजिस्ट्रेशन नव्हे, ते आणीबाणीपुरतं होतं. नंतर पक्कं हवं असेल तर वेगळा अर्ज होताच.

दुसऱ्या राज्यात मदतीला जायचं असेल तर

हे थोडक्यात सांगतो. तुमच्या राज्याने मुदत वाढवली म्हणून शेजारचं राज्य ती मानेलच असं नाही. अमेरिकेत यासाठी करार आहेत, एक ईमॅक, म्हणजे आपत्तीत राज्यांनी एकमेकांना मदत करायचा, संसदेने १९९६ मध्ये मंजूर केलेला, आणि दुसरा खास आपल्या लोकांसाठीचा रेप्लिका, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्यात काम करू देणारा, जो मार्च २०२० मध्ये प्रत्यक्ष चालू केला गेला. पण पहिल्यात तुम्हाला सरकारने पाठवावं लागतं, आपल्या मनाने बॅग उचलून निघालात तर तो लागू होत नाही, आणि दुसरा फक्त सामील राज्यांत चालतो. जायच्या आधी पाठवणाऱ्याकडून लेखी घ्या की माझं वाढवलेलं लायसन्स तिकडे चालेल.

कंपनीकडून लेखी घ्या

आदेश मिळाला, वाचला, लागू आहे हे कळलं. आता तो पीडीएफ एचआरला आणि ट्रेनिंगवाल्यांना मेल करा, तोंडी नको. मेल मोठा लिहायची गरज नाही, "माझं अमुक कार्ड अमुक तारखेला संपतंय, सोबतच्या आदेशातल्या अमुक कलमाप्रमाणे ते तमुक तारखेपर्यंत वैध आहे असं मी समजतो, तुम्ही हे मान्य करता का ते कळवा आणि विम्याला पण हे चालतं का ते सांगा". विम्याचं मुद्दाम विचारा. लायसन्स चालू नसताना पेशंटला हात लावला आणि काही झालं तर विमा कंपनी सगळ्यात आधी तारीखच बघते.

"हो" असं उत्तर आलं की ते, मूळ आदेश, डाऊनलोड केल्याची तारीख आणि संस्थेच्या साइटवर तुमच्या नावापुढे दिसणाऱ्या स्टेटसचा स्क्रीनशॉट, हे सगळं एका फोल्डरमध्ये टाका. आदेश नंतर साइटवरून उडतात किंवा बदलतात, तीच लिंक, आत दुसरंच काहीतरी, म्हणून नुसती लिंक ठेवून भागत नाही. एक प्रिंट गाडीत पण असू द्या, कारण हॉस्पिटलच्या गेटवर किंवा नाक्यावर कुणी कार्ड मागितलं आणि त्यावर जुनी तारीख दिसली तर तिथे उभं राहून मेल शोधायला वेळ नसतो.

वाढलेल्या काळात काय करायचं

इथे जरा कडू बोलतो. तारीख वाढली म्हणून हात वाढत नाहीत. सीपीआरची (हृदय थांबल्यावर छाती दाबायची) सवय कोर्सनंतर तीन ते सहा महिन्यांतच ढिली पडायला लागते हे सगळ्या ट्रेनर लोकांना माहितीय, आणि कार्डाची मुदत आधीच दोन वर्षांची, त्यात अजून चार महिने घातले तर विचार करा. आपत्तीच्या काळात तर नेहमीचे कॉल कमी आणि एकाच प्रकारचे जास्त, म्हणजे श्वासाचे पेशंट शंभर आणि लहान मुलांचा एक पण नाही, असं होतं. मग जे येत नाही ते विसरतं.

म्हणून शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं, रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा, मॅनिकिन (सरावाचा पुतळा) असेल तर त्यावर छाती दाबायचा सराव करा, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मोठ्या माणसाला ५ सेंटिमीटरपेक्षा कमी नाही आणि ६ पेक्षा जास्त नाही, छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एकाने दाबायचं, दुसऱ्याने घड्याळ बघायचं. औषधांचे डोस एकमेकांना विचारायचे, विशेषतः मुलांचे, वजनावरून काढायचे ते. याचे तास धरतील का? ट्रेनिंग ऑफिसरला आधी विचारा, त्याने विषय, वेळ आणि सही असं नोंदवलं तर काही ठिकाणी धरतात. नाही धरले तरी करा.

आणि तासांचं, ऑनलाइनला सवलत मिळालीय तर पहिल्याच महिन्यात संपवून टाका. नंतर करू म्हणाल तर नंतर तुम्हाला डबल शिफ्ट लागलेली असेल आणि कोर्सच्या व्हिडिओसमोर झोप लागेल. सर्टिफिकेट मंजूर संस्थेचं आहे का ते आधी बघा, आपत्तीत फुकट वेबिनारचा पाऊस पडतो आणि त्यातले बरेच तासात धरत नाहीत.

एक गोष्ट कधीच करू नका, मागच्या तारखेचे तास. "वर्ग बंद होते, सगळेच लिहितायत, तू पण लिही" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. न केलेल्या स्किलवर सही करणं म्हणजे बनावट कागद, आणि उशीर झाला तर फी भरून सुटता येतं पण यातून सुटता येत नाही, सर्टिफिकेट जातं ते जातं.

मुदतवाढ संपायला आली की

खरी गर्दी आपत्तीत होत नाही, आपत्ती संपल्यावर होते. ज्यांची मार्चमध्ये संपत होती, एप्रिलमध्ये, मेमध्ये, ते सगळे आता एकाच तारखेला येऊन आदळतात, कोर्सच्या सीटा संपतात, इन्स्ट्रक्टर मिळत नाही, पोर्टल लटकतं. शेवटच्या तारखेच्या सहाएक आठवडे आधी कोर्सची सीट बुक करा, महिनाभर आधी अर्ज टाका, आणि शेवटचा आठवडा फक्त "हा कागद अपलोड झाला नाही" या भानगडीसाठी मोकळा ठेवा. अजून एकदा मुदत वाढेल या आशेवर बसू नका. वाढली तर चांगलंच आहे, तोवर तुमचं झालेलं असेल.

अर्ज करताना एक प्रश्न नक्की विचारा, पुढची दोन वर्षं कुठून मोजणार? बऱ्याचदा मूळ तारखेपासूनच मोजतात, म्हणजे तीन महिने वाढवून मिळाले तर पुढचं सायकल तेवढंच आखूड होतं, २४ महिन्यांचं २१ होतं. आणि वाढीव काळात केलेले तास जुन्या सायकलमध्ये दाखवले असतील तर तेच परत नव्यात दाखवता येत नाहीत. प्रत्येक तासापुढे जुनं की नवं असं लिहून ठेवा, एक साधी शीट पुरते.

नवीन कार्ड आलं की लगेच खिशात टाकू नका, आधी वाचा. नावाचं स्पेलिंग, लेव्हल, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख. मग संस्थेच्या पब्लिक लुकअपवर स्वतःचं नाव शोधा, तिथे कधीकधी जुनं संपलं आणि नवं सुरू झालं यामध्ये रिकामे महिने दिसतात, जणू त्या काळात तुम्ही विनापरवाना काम केलंत. सिस्टीमला आदेश कळत नाही, तिला फक्त तारखा कळतात. असं दिसलं तर त्याच दिवशी मेल टाका, आदेशाचा पीडीएफ जोडा आणि नोंद दुरुस्त करा किंवा तसं पत्र द्या म्हणून मागा. दुरुस्त होवो न होवो, ते उत्तर फोल्डरमध्ये. दोन वर्षांनी नोकरी बदलाल तेव्हा नवीन ठिकाणचा एचआर बरोबर त्याच तीन महिन्यांवर बोट ठेवून विचारेल की इथे काय करत होतात, तेव्हा ते फोल्डर उघडायचं.